अकरावा अंगठा

"हा अकरावा अंगठा कुणाचा?" फौजदारसाहेबांनी विचारलं.

मी टेबलावर वाकून बघितलं. अंगठ्याच्या ठशात मधोमध आडवी चीर होती. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता, ती.

"माझा," मी म्हणालो.

"नाव?"

"गेनू बाळा शेवाळे. वरली आळी."

"आणि रोज पहाटे क्लॅरोनेट वाजवतो तो गेनू शेवाळे कोण?"

"तोबी मीच."

साहेबांनी हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं छताकडं बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाल होती.

"शेवाळे," साहेब म्हणाले, "वाजवणाऱ्या गेनू शेवाळेविरुद्ध आळीनं अर्ज केलाय. तेवीस अंगठे आहेत. त्यातला एक तुझा आहे."

मी म्हणालो, "साहेब, तेवीसच्या तेवीस अंगठे मीच गोळा केलेत."

ही गोष्ट नीट कळायची तर दोन पावलं मागं जावं लागेल. तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि उस्मानमास्तरांच्या बँडमध्ये खुळखुळा हालवत होतो. पंधरा वर्षं हालवत होतो. बँडमध्ये खुळखुळेवाल्याला कुणी विचारत नाही. वरातीत नवरदेवाचा घोडा बिथरला की पहिल्यांदा खुळखुळेवाल्यालाच मागं ढकलतात. त्या साली आमच्या क्लॅरोनेटवाल्या रामभाऊंचे पुढचे दात पडले. दात नसले की क्लॅरोनेट तोंडात ठरत नाही. मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "गेनू, तुझे दात चांगले आहेत. अक्षय तृतीयेला लग्नं सुरू होतात. तोवर तीन चाली बसव. बसल्या तर वाद्य तुझं. नाही बसल्या तर आहेच आपला खुळखुळा."

हातात चाळीस दिवस होते. दिवसा मी लाकडाच्या वखारीत कामाला जात असे, म्हणून पहाटे चारला उठून ओट्यावर बसायचो आणि फुंकायचो. कसं वाजत होतं ते मी आज प्रामाणिकपणे सांगतो. बकरी चरायला जाऊन वाट चुकली आणि पिल्लू घरी राहिलं, तर ती जशी ओरडेल तसं वाजत होतं. पण फुंकणाऱ्याला स्वतःचं वाजवणं वेगळंच ऐकू येतं. मला वाटायचं, आळी कौतुकानं जागी होते आहे.

पंधराव्या दिवशी शेजारचे फणसेअण्णा कागद घेऊन आमच्या ओट्यावर आले. अण्णा म्हणजे अर्जलेखक. कचेरीसमोरच्या लिंबाखाली त्यांचं टेबल असायचं. तालुक्यातल्या निम्म्या माणसांची गाऱ्हाणी त्यांच्या अक्षरात लिहिलेली होती.

"गेनू, यावर आळीचे अंगठे हवेत," अण्णा म्हणाले.

"नळाचं का?" मी विचारलं. दर उन्हाळ्यात आमच्या आळीचा नळाचा अर्ज जायचा. अर्ज जायचा, पाणी यायचं नाही.

अण्णांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून माझी बायको हौसा म्हणाली, "आळीच्या भल्याचाच कागद असणार. अण्णा कशाला वाईट लिहितील? तुम्हीच घेऊन जावा. तुमचा शब्द कुणी मोडत न्हाई."

हे खरं होतं. आमच्या आळीत लिहिता येणारे अण्णा एकटेच. बाकी सगळे अंगठेबहाद्दर. आमची रीत अशी होती की कागद आला की अंगठा लावायचा. कागदात काय आहे हे विचारणं म्हणजे आणणाऱ्यावर अविश्वास. जेवायला बसलेल्या माणसानं आमटीत काय घातलंय विचारावं तसं. मी शाईची डबी घेतली आणि निघालो.

कोपऱ्यावरची काशीबाई कागद बघून म्हणाली, "अण्णांनी काल सांगितलं हुतं, कागद येणार म्हणून. पण गेनू, तूच घेऊन हिंडतोयस?"

"मग कोण हिंडणार? मला काय तरास न्हाई?"

"तुलाबी होतोय व्हय?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग तिनं अंगठा इतका दाबून लावला की कागद फाटता फाटता राहिला.

भिकूतात्या ऐंशीचे होते. त्यांनी माझा हात धरला. "गेनू, खरंच काही होईल का रं यातनं?"

"एका महिन्यात होतंय बघा."

"महिना काढला पाहिजे म्हणजे," तात्या म्हणाले आणि मला जवळ ओढून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लई मोठ्या मनाचा हायस बाबा."

नळासाठी एवढं मन कशाला मोठं लागतं, ते मला कळलं नाही. पण स्तुती कुणाला नको असते? दहा अंगठे झाल्यावर मला वाटलं, आपला राहायला नको. म्हणून अकरावा मी माझा लावला.

तर असा मी फौजदारासमोर उभा होतो, बगलेत क्लॅरोनेट घेऊन. हवालदारानं ते आणायला सांगितलं होतं. फणसेअण्णांनाही बोलावलं होतं, कारण खाली अर्ज लिहिणाराची सही त्यांची होती. ते भिंतीशी बाकावर बसले होते. त्यांच्याकडं बघून माझं डोकं तापलं. शेजारी म्हणवतो, आमच्या ओट्यावर चहा पितो, आणि आमच्याच हातून आमचा गळा कापतो.

"वाचून दाखवतो, ऐक," साहेब म्हणाले. "आम्ही खाली अंगठे करणार, वरली आळी येथील रहिवासी, अर्ज करतो की, आमच्या आळीतील इसम गेनू बाळा शेवाळे हा रोज पहाटे क्लॅरोनेट नावाचे वाद्य वाजवितो. सदर वाजविणे असह्य..."

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "कसं?"

"असह्य."

"म्हंजे?"

"असह्य म्हणजे असह्य. आता हे काय सांगायचं?"

"साहेब, माझ्याविरुद्ध मी काय बोललोय ते मला कळाया नको का?"

साहेबांना हे पटलं. त्यांनी हवालदाराला विचारलं, "जाधव, असह्य म्हणजे काय, सांगा याला."

हवालदार म्हणाला, "म्हणजे डोक्यावरनं पाणी."

"पाण्याचं काय त्यात?" मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून नळच होता.

"तसं नव्हे. म्हणजे माणसाला जीव नकोसा होतो. म्हणजे आमची सासू राहायला येते तेव्हा कसं..." हवालदार एवढं बोलला आणि साहेबांनी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला.

"अण्णा, शब्द तुमचा आहे. तुम्ही सांगा."

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. शब्दाचं काम निघालं की ते आधी चष्मा पुसत. "मूळ शब्द सह. सह म्हणजे सोसणे. सोसवतं ते सह्य. त्याच्या पुढं अ बसला की उलटं. सोसवत नाही ते असह्य."

"सह्याद्रीतला सह्य तोच का हो?" साहेबांनी विचारलं. खिडकीतून तो समोरच दिसत होता, उन्हात उघडा पडलेला.

"तोच म्हणतात. ऊन, वारा, पाऊस सोसत उभा आहे म्हणून सह्य, असं आमचे पंतोजी सांगायचे. खरं-खोटं डोंगराला माहीत. साहेब, पण अर्जात पुढं..."

"थांबा अण्णा," मी म्हणालो. "एवढा डोंगर दोन हात अंतरावर हाय. मी रोज त्याच्याकडं तोंड करून वाजवतो. त्यानं कधी अर्ज केला न्हाई. मग तुमच्या आळीलाच काय झालं?"

हवालदार हसला. साहेबही हसणार होते, पण खुर्चीवर होते म्हणून खोकले.

"डोंगराला कान नसतात," अण्णा म्हणाले. "साहेब, पुढचं एकदा..."

"अण्णा, तुम्ही गप्प बसा. विचारीन तेव्हा बोला," साहेब म्हणाले. ते आता रंगात आले होते. तालुक्याच्या ठाण्यात करमणूक रोज येत नाही. "शेवाळे, तुझं म्हणणं काय?"

वखारीत लाकूड फोडताना मी एक गोष्ट शिकलो होतो. गाठ फुटत नसली की तिथंच घाव घालत बसायचं नाही, लाकूड फिरवायचं. मी म्हणालो, "साहेब, मी अर्जदार हाय ना?"

"आहेस. अकरावा."

"मग अर्जदार म्हणून मी सांगतो, ऐकल्याबिगर न्याय करू नका. माल बघितल्याशिवाय खोट काढायची न्हाई. सोसवतं का न्हाई ते कानांनी ठरवा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं," ते म्हणाले.

त्या दोन मिनिटांवर माझं सगळं अवलंबून होतं. साहेबांनी वाद्य जप्त केलं असतं तर पुन्हा खुळखुळा, आणि या वेळी मरेपर्यंत. मास्तर एकदाच विचारतात. वाद्याची पत्ती जिभेनं ओली केली, डोळे मिटले आणि फुंकलं.

पहिला सूर निघाला आणि छतावरची पाल भिंतीवरून सरसर खाली आली. दुसऱ्या सुराला हवालदारानं टोपी कानांवर ओढली. मी डोळे उघडून साहेबांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं होतं. वाटलं, संपलं सगळं. पण थांबलो तर त्याच क्षणी जप्ती. म्हणून मी थांबलो नाही. उलट दम भरून वरचा सूर लावला, जो मला कधीच लागत नव्हता.

तेव्हा मागच्या कोठडीतून कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं.

कोठडीत एक बकरीचोर होता. तीन दिवस झाले होते आणि त्यानं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. साहेब त्याच्यापुढं हात टेकून बसले होते. हौसा ठाण्यातल्या कैद्यांना भाकरी पुरवायची, ती सांगायची की हा माणूस चटणीसुद्धा खुणेनं मागतो. तो आता गजांना धरून उभा होता आणि बोलत होता.

"सांगतो साहेब, सगळं सांगतो. तिला गप्प करा."

"कुणाला?" साहेब उठून गेले.

"तुम्ही धरून आणली न्हवं ती बकरी? परसात बांधलीय न्हवं? तिचं पिल्लू मी बाजारात विकलं. ती त्यालाच हाका मारतीया. बकऱ्या वड्याच्या अंगाला धनगराच्या वाड्यात हायेत, सातबी. घेऊन जावा. पण हे रडणं मला सोसवत न्हाई."

मी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. बाकावरून फणसेअण्णा हळूच म्हणाले, "हे असह्य."

कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. हवालदार स्टेशनडायरी शोधत होता, साहेब पट्टा घट्ट करत होते. जीपकडं निघता निघता साहेबांना माझी आठवण झाली.

"शेवाळे, आळीत वाजवायचं नाही. ठाण्यामागं घोड्यांची जुनी पागा रिकामी आहे. पहाटे तिथं वाजव." मग कोठडीकडं बघून म्हणाले, "कोठडीत कुणी असेल तर जरा मोठ्यानं वाजव." आणि टेबलावरचा अर्ज माझ्या अंगावर टाकून गेले. "हा घे. तुझाच आहे."

बाहेर लिंबाखाली अण्णांनी मला गाठलं. "गेनू, तो कागद..."

"कागद राहू दे माझ्यापाशी," मी म्हणालो. "तुम्ही माझी वाट लावाया निघाला हुता. बघा, पागा मिळवली. स्वतःच्या अकलेवर मिळवली. आजपास्नं तुमच्या दारात पाय ठेवला तर नावाचा गेनू न्हाई."

अण्णांचा चेहरा लाल झाला. तो माणूस मोठा मानी. ते एवढंच म्हणाले, "वाचायला शीक. मग बोलू."

हे मला फार लागलं. अंगठेबहाद्दराला अडाणी म्हटल्यावर दुसरं काय लागणार? घरी येऊन कागद हौसाच्या ट्रंकेत टाकला आणि तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत राहिली.

"चोर मला दुपारी काय म्हणाला ठावं हाय?" शेवटी ती म्हणाली. "बाई, भाकरी ग्वाड हाय, पण नवरा आवरा."

अक्षय तृतीयेला मी तीन चाली वाजवल्या. दोन बसल्या होत्या. तिसरीला उस्मानमास्तर म्हणाले, "चालेल. त्या वेळी लोक जेवत असतात." तेव्हापासून क्लॅरोनेट माझं झालं. प्रत्येक लग्नात पंगत उठली की, आणि एरवी आमच्या ओट्यावर, मी पागेची गोष्ट सांगायचो. दगाबाज शेजारी, तेवीस अंगठे आणि सगळ्यांना पुरून उरलेला मी. लोक पोट धरून हसत. मध्ये एक भिंत असलेल्या घरात अण्णांना ती गोष्ट निदान पाचशे वेळा ऐकू आली असेल. ते एकदाही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बावीस वर्षं.

मग आमच्या आळीत प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. मी बासष्टचा होतो. बाईंनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं आणि म्हणाल्या, "अ अननसाचा." मी म्हणालो, "बाई, अ असह्यचा." त्या दचकल्या, पण त्यांनी लिहून दाखवला. तो शब्द मी पाटीवर इतका गिरवला की पाटीला त्याचा वण पडला. मला लिहायला शिकायचं होतं ते एकाच कामासाठी. फणसेअण्णांविरुद्ध अर्ज करायचा होता.

कारण हातातच होतं. म्हातारपणी अण्णा रोज पहाटे पाचला मोरीवर उभं राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत. आधी बारीक गुरगुर, मग मोट चालल्यासारखी घरघर, आणि शेवटी एक खाकर अशी की कोंबडे आरवायचे विसरत. मी म्हटलं, झालं. आता याला याचाच शब्द परत करायचा.

मजकूर जमला, पण अर्जाचा ढंग येईना. म्हणून ट्रंकेतून जुना कागद काढला. त्याचीच नक्कल मारू म्हटलं. चष्मा लावून ओट्यावर बसलो आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागलो. आम्ही खाली अंगठे करणार. वरली आळी. गेनू बाळा शेवाळे. सदर वाजविणे असह्य.

बावीस वर्षांपूर्वी मी इथंच सगळ्यांना थांबवलं होतं. त्या दिवशी त्याच्या पुढचं कुणी मोठ्यानं वाचलंच नव्हतं. माझं बोट पुढं सरकलं.

"...असह्य आहे. परंतु सदर इसम भला व कष्टाळू असून पंधरा वर्षे खुळखुळा हालवून कंटाळला आहे. त्यास ही विद्या यावी अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. ठाण्यामागील घोड्यांची पागा रिकामी पडून आहे. ती त्यास सरावासाठी पहाटे वापरू द्यावी, ही नम्र विनंती."

मी ते तीन वेळा वाचलं. नवशिक्याचं वाचणं, चूक झाली असेल म्हणून पुन्हा वाचलं. चूक नव्हती.

हौसा दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पोचलात का शेवटापर्यंत?"

"तुला ठावं हुतं?"

"पागा रिकामी हाय हे अण्णांना कुणी सांगितलं? ठाण्यात भाकरी घेऊन कोण जात हुतं?"

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर कुणाची मेहेरबानी नको म्हणून बसला असता. अंगठासुदीक दिला नसता." तिनं एक खडा उचलून टाकला. "आणि नंतर तुम्ही तुमच्या अकलेवर खूश हुता. चांगली चालली हुती गोष्ट. मोडायची कशाला?"

"आणि अण्णा? त्यांनीबी बावीस वर्सं..."

"त्यांनी सांगितलं हुतं की. वाचायला शिका म्हणून."

मी माझा अर्ज उचलला आणि बावीस वर्षांनी अण्णांच्या दारात पाय ठेवला. अण्णा आरामखुर्चीत होते. माझ्याकडं बघून त्यांना नवल वाटलं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला लागले.

"इसम नरहर फणसे हा रोज पहाटे गुळण्या करितो. सदर गुळण्या असह्य आहेत." त्यांनी कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं. "अक्षर बरं आहे. दोन वेलांट्या चुकल्यात. पण गेनू, अर्ज अपुरा आहे."

"का?"

"नुसतं असह्य म्हणून थांबायचं नसतं. पुढं मागणी लागते. काय पाहिजे ते लिहिलं नाही तर वाचणाऱ्यानं करायचं काय?" त्यांनी उशाशी असलेली लेखणी माझ्या हातात दिली. "लिही."

मी जमिनीवर बसलो. बराच वेळ गेला. अण्णांनी घाई केली नाही. मग मी एकेक अक्षर जोडत लिहिलं, "तरी सदर इसमाने गुळण्या सुरात कराव्यात. सूर शिकविण्यास अर्जदार तयार आहे. शिकवणी रोज पहाटे अर्जदाराच्या ओट्यावर, चहासह."

अण्णांनी ते सगळं, शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग हात पुढं करून म्हणाले, "शाईची डबी आण."

"तुम्हाला सही येते की अण्णा."

"सहीनं मजा येणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्या नावाखाली अंगठा लावला.